दत्ताचा डावा कान

मार्गशीर्ष, रविवार, दिवेलागण

आज दत्ताने आम्हाला समुद्रकाठचा किल्ला दाखवला. पोरगा तोफखान्यात हवालदार, सुट्टीवर आलाय. जुन्या तोफेवर हात ठेवून सुनेला, सुमनला, सांगत होता, गोळा कुठून भरायचे, बत्ती कुठे द्यायचे. मी त्याच्या डावीकडून म्हणालो, "दत्ता, सावलीत चल रं." वळला नाही. वाटलं, वारा आहे. पुन्हा हाक मारली. तरी नाही. उजवीकडे गेलो, तर लगेच, "काय आबा?"

सुमन पुढे गेल्यावर विचारलं. हसला. "डावा कान गेलाय. तोफ म्हंजी काय पिपाणी हाय व्हय? हिला बोलू नगासा, रडत बसंल."

बरं म्हणालो. का म्हणालो?

परतताना गाडी तोच चालवत होता. सुमन शेजारी, म्हणजे त्या डाव्या कानाशीच; मी मागे. घाटात हळूच म्हणाली, "आवं, पुढच्या साली नोकरी सोडून घरी येताय न्हवं?" दत्ताने रस्त्यावरची नजर न काढता मान हलवली. "व्हय, व्हय."

त्याला ऐकूच गेलं नसणार. की गेलं असेल? नाही. डावा कान.

आता सुमन माहेरी फोन करून सांगतेय. इतकं मोकळं हसताना तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. दत्ता अंगणात गाडी धुतोय. त्याला सांगू, की तिला? मध्येच फोन बाजूला धरून तिने मला विचारलं, "मामा, ते व्हय म्हणालं, तुमी बी ऐकलंसा न्हवं?"

ऐकलं म्हणालो.