अर्धा घोडा ठेवावा की दीड घोडा आणावा

कल्याण,
आश्विन वद्य तृतीया, शके १८७६

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी, खडवली मुक्कामी, जावई प्रभाकर याचा साष्टांग दंडवत. आपली प्रकृती, मामींचा गुडघा आणि नदीकाठचा दुधी भोपळ्यांचा मांडव ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल. रतन खुशाल आहे. तिच्या हातांची दहाही बोटं आज सकाळी मी मोजली. (रोज मोजतो. चहा पुढं करते तेव्हा एक हात दिसतो, भाकरी वाढते तेव्हा दुसरा. तिला अजून कळलेलं नाही.) जावईबापूंनी खुशालीतच बोटं कशाला आणली, असं तुम्ही म्हणाल. मामा, पत्र त्याच कारणानं लिहितो आहे. तुमच्या लेकीला नवं मशीन हवं आहे.

सहा वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीकडं लष्कराच्या छावणीतल्या सामानाचा लिलाव होता, तिथून मी हे जुनं मशीन आणलं. खरं तर मी गेलो होतो तंबूचं कापड बघायला. तिथल्या साहेबानं मला विचारलं, तुम्ही सुतार का? आता जन्मानं मी सुतार, आजा-पणजा सुतार, नाही म्हणायचं कसं? हो म्हणालो. ठाण्याच्या एका कचेरीत कारकून आहे आणि हातात टाचणी धरतानाही जपून धरतो, हे सांगायच्या आत मशीन बैलगाडीत चढलेलं होतं. एकच लोखंडी सांगाडा, पण आडवा ठेवला की गोल करवत, करवत काढली की लाकूड फिरवून कातकाम, उभा केला की भोक पाडायचं यंत्र, आणि वर काचकागदाची चकती लावली की घासकाम. म्हणून आम्ही त्याला बहुरूपी म्हणतो. त्याची मूळची अमेरिकन मोटर आपल्या विजेला पहिल्याच दिवशी घाबरली आणि जळाली. (त्या मोटरीबद्दल मला आजही आपुलकी वाटते.) मग तुम्ही खडवलीहून आलात, अर्ध्या घोड्याची, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची, देशी मोटर बसवलीत, आणि तार पुरेना म्हणून बटण समोरच्या भिंतीवर ठोकलंत.

मी त्या मशीनवर आयुष्यात एकदाच काम केलं. पाटासाठी फळी कापायची होती. करवत फिरायला लागली, तिचा आवाज माझ्या दातांत शिरला, आणि मशीन चालूच ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत उभा राहिलो. दुसरा तांब्या भरून घेत होतो तेव्हा आवाज बदलला. बाहेर येऊन बघतो तो तुमची लेक कासोटा खोचून, बांगड्या कोपरापर्यंत वर सारून, त्यांवर फडकं बांधून फळी कापते आहे. लहानपण तुमच्या भुशात गेलेलं, तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही. तुम्ही ओट्यावर बसून बघत होता. तेव्हाच तुम्ही मला माझं काम नेमून दिलंत. म्हणालात, जावईबापू, हात बटणावर आणि डोळा तिच्या बोटांवर, एवढंच करा.

सहा वर्षं मी एवढंच करतो आहे. संध्याकाळी साडेसहाला कचेरीतून आलो की कोट खुंटीला आणि मी भिंतीला. तिनं मान हलवली की चालू, हनुवटी वर केली की बंद. मधल्या वेळात मी खोकत नाही, कुणाशी बोलत नाही, नाकावर माशी बसली तरी बसू देतो. आठ वाजता मी जेवायला बसतो तो इतका थकलेला असतो की शेजाऱ्यांना वाटतं, सगळं काम मीच करतो. (ठाण्याला तर साऱ्या कचेरीचा तसाच समज आहे. हेडक्लार्कांनी मागवलेल्या आखणीच्या पट्ट्या मी नेऊन दिल्या, आणि कुणी बनवल्या हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.) अमावास्येला आपल्यात हत्यार धरत नाहीत, तेवढी एकच संध्याकाळ मला महिन्याकाठी निर्धास्त मिळते.

एवढं भ्यायला काय झालं, असं मामींनी मला एकदा विचारलं होतं. त्यांना सांगू शकलो नाही, तुम्हाला सांगतो, राग मानू नका. आमच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी तुम्ही माझ्या ओंजळीत पाणी सोडलंत. अंतरपाट, अक्षता, कुणाचे कपडे कसे होते, यातलं मला काहीही आठवत नाही. मला आठवतो तुमचा डावा हात. त्याच्या तर्जनीची दोन पेरं नव्हती. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं लाकडी साचे करणारा, साऱ्या खात्यात ज्याच्या हाताची वाहवा होती असा माणूस, आणि त्याचं बोट असं. ते पाणी ओंजळीत घेताना शेजारी रतनचे हळदीचे हात दिसत होते, दहा बोटांचे. तेव्हापासून माझी मोजणी चालू आहे.

आता नव्या मशीनचं सांगतो. कॅम्पात दौलतराम म्हणून सिंधी गृहस्थांचं लाकूडसामानाचं दुकान आहे. निर्वासित मंडळींना खाटेला कातीव खूर लागतात, ते रतन त्यांना करून देते. (तिचे खूर चारही एकसारखे येतात. दौलतरामांनी एकदा त्यांवर खाट ठेवून तिच्यावर स्वतः झोपून दाखवलं.) त्यांच्याकडं एक नवं मशीन आलं आहे. तेही बहुरूपीच, पण थोरल्या घरचा. दहा इंची करवत, बिडाचं जाड टेबल, आणि मोटर दीड घोड्याची. आमचं जुनं ते बदल्यात घ्यायला तयार आहेत. मी ते बघायला गेलेलो. त्यांनी ते चालू करून दाखवलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होतो, आणि बंद केलं तेव्हा समोरच्या चक्कीत होतो. मधलं मला सांगता येणार नाही.

मामा, मी अडाणी नाही. रतननं मला नीट समजावलं आहे आणि मला ते पटलंही आहे. जुन्या मशीनचं टेबल डुगडुगतं. सागवान आलं की अर्धा घोडा धापा टाकतो, पट्टा घसरतो, करवत अडकते, मग तिला लाकूड जोरानं रेटावं लागतं, आणि रेटताना तिची बोटं करवतीच्या दोन इंच जवळ जातात. ते दोन इंच मी भिंतीपाशी उभा राहून बघतो. नवं मशीन लाकूड आपणहून कापेल, बोटं लांब राहतील, हे सगळं खरं. पण दीड घोडे एका बाईच्या हातापाशी आणून बांधायचे, या विचारानं परवा मी तिची बोटं दोनदा मोजली. जुनं ठेवावं तर बोटांची भीती, नवं आणावं तर बोटांचीच भीती. शिवाय आमचा अर्धा घोडा सुरू झाला की घरमालकीण आवडाबाईंचा दिवा मंदावतो. दीड घोडा लावल्यावर आळीत काय होईल ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

दसऱ्याची हकीगत तुमच्या कानावर गेली असेलच, पण ती आवडाबाईंकडून गेली असेल, म्हणून खरी मी लिहितो. खंडेनवमीला आम्ही रीतीप्रमाणे बहुरूप्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, टेबलावर तबकात नारळ. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, तुमच्या घरात तर खिळासुद्धा ठोकत नाहीत. पण त्याच सकाळी दौलतरामांचा घाईचा निरोप आला होता, आणि रतनचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिनं चुकूनसुद्धा मशीन चालू करू नये म्हणून मी कुणाला न सांगता पूजेचा लाल नाडा पट्ट्याच्या मागच्या चाकाला सात वेढे देऊन बांधला, आणि त्याचं टोक माळेला. धर्म सांभाळला आणि बायकोही सांभाळली, असं वाटून मी त्या दिवशी दुपारी झोपलोदेखील.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताचा पहिला काप घ्यायचा. रतननं पुढच्या माळा काढल्या. मागची दिसली नाही, आणि नाड्याचं मी साफ विसरलो. आवडाबाई सोनं द्यायला आल्या होत्या, त्या दारात आपट्याची पानं घेऊन उभ्या. रतननं मान हलवली आणि मी बटण दाबलं. चाकानं नाडा ओढला, नाड्यानं माळ, माळेनं तबक. झेंडू घरभर उडाला, नारळ रतनच्या कानाजवळून गेला आणि आवडाबाईंच्या पायाशी फुटला. नाड्याचं टोक चाबकासारखं रतनच्या मनगटावर बसलं आणि तीन बांगड्या वाढल्या. आवडाबाईंनी नारळ बघून हात जोडले, म्हणाल्या, "देवानं सोताच नारल फोरला गं!" मग मशीन थांबलं. कसं थांबलं ते आता महत्त्वाचं नाही. मनगटावर ओरखडा आहे, भरत आला आहे. सणासुदीला बांगड्या वाढल्या म्हणून मी फार अस्वस्थ होतो, पण रतननं दुपारीच नव्या भरल्या आणि संध्याकाळी खूर कातायला उभी राहिली. मीही उभा राहिलो.

त्यानंतर दोनच दिवसांनी तिनं नव्या मशीनची गोष्ट काढली. दिवाळीच्या आत काय ते कळवायचं आहे. तुम्ही दोन्ही मशिनं जाणता, लाकूड जाणता आणि तुमची लेक जाणता. तेव्हा अर्धा घोडा ठेवावा की दीड घोडा आणावा, हा निर्णय मी सर्वस्वी तुमच्यावर सोपवतो. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य. मामींना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा शेक द्यावा.

आपला आज्ञाधारक,
प्रभाकर

ता. क. निर्णय सर्वस्वी तुमच्यावर सोपवतो असं वर लिहिलं आहे, ते तसं नाही. तुम्ही नवं मशीन घेऊ नका असंच लिहावं, आणि ते रतनच्या नावे लिहावं. माझं पत्र आलं होतं हे त्यात नको. तुमच्या बोटाचं काय झालं ते तिला सविस्तर लिहा. तुमचा शब्द ती मोडणार नाही. कार्ड पाठवू नका, पाकीट पाठवा, कार्ड पोस्टमनपासून आवडाबाईंपर्यंत सगळे वाचतात.

आणि मामा, "मशीन थांबलं" असं वर लिहिलं त्यात मी लबाडी केली. मी ते थांबवलं नाही. माझा हात बटणावरच होता. नारळ उडाला, बांगड्या फुटल्या, मला सगळं दिसत होतं, आणि बोट हलेना. सहा वर्षं ज्या एका क्षणासाठी उभा होतो तो क्षण आला आणि मी नुसता बघत राहिलो. आवडाबाई ओरडत होत्या, "काय बघतंस रं प्रभाकर, बटन बंद कर नं!" तरी हलेना. शेवटी रतनच फुलं तुडवत भिंतीपाशी आली, माझ्या हातावर हात ठेवला आणि बटण बंद केलं. दोन दिवसांनी नव्या मशीनचे गुण सांगताना, लाकडाकडं बघत, म्हणाली की त्याचं बटण मशीनवरच आहे, काम करणाऱ्याच्या हाताशी. घोड्यांची भीती मला खरीच वाटते. पण ते मशीन आलं की साडेसहा ते आठ मी कुठं उभं राहायचं, याची जास्त वाटते.

ता. क. दुसरा. वरचं काहीही करू नका. पाकीट चिकटवायला भाताचं शीत आणायला आत गेलो, तेवढ्यात रतननं पत्र वाचलं. सगळं वाचलं, बोटं मोजण्याचंसुद्धा. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, "आमच्या नानांना एवढंच विचारा, मशीनवरचं बटण ठेवून भिंतीवरचंही ठेवता येतं का. दोन असू देत. एक तुमचं, एक माझं." मी म्हटलं, माझ्या बटणाचा उपयोग काय, ते तर त्या दिवशी तूच बंद केलंस. तर म्हणाली, त्या दिवशी ती भिंतीपाशी बटण बंद करायला म्हणून नव्हती आली. तीसुद्धा फार घाबरली होती, आणि मी कुठं उभा आहे ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती तिथं आली.

तेव्हा मामा, एका मोटरला दोन बटणं बसतात का, तेवढं उलटटपाली कळवावं.