रुंद पट्टीची डिस्क

६ जानेवारी २०२५

अद्वैतचा पुण्याहून फोन. नवा कॉम्प्युटर पाठवलाय ना, मग जुना भंगारात दे म्हणे. धाकटा भाऊ असून तोरा थोरल्याचा!

देणार नाही. त्यात बाबांचा आवाज आहे. एसटी स्टँडवर जन्मभर गाड्यांच्या घोषणा केल्या त्यांनी. रिटायर होण्याआधी घरी बसून काही रेकॉर्डही केल्या. आता घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. पाटीवर लिहून बोलतात, तेही नाइलाजानं. जेवणावरचं मन उडालंय. फार भीती वाटते. तो आवाज एकदा त्यांना ऐकवायचाय.

८ जानेवारी

जुना कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्या संगप्पाकडे नेला. त्यानं डिस्क काढून हातात दिली. "डिस्क बरी वाटती मॅडम, पण ही आयडीई हाय. नव्या मशिनला बसत न्हाय."

खोदून खोदून विचारलं. आयडीई म्हणजे चाळीस पिनांची, वायर रुंद पट्टीची. मग साटा आली – वायर बारीक, वेग जास्त. अद्वैतनं पाठवलाय त्यात एनव्हीएमई. वायरच नाही, थेट बोर्डात खोचायची, वेग सगळ्यांत जास्त. असेना का! मला हवी ती सगळ्यांत हळू चालणारी. यूएसबीला जोडायचं अडॅप्टर मागवलं.

१३ जानेवारी

अडॅप्टर आलं. फक्त साटाचं! वाचलं नव्हतं नीट. घाई नडली. दुसरं मागवलं.

१७ जानेवारी

दुसरं बसलं, पण डिस्क ढिम्म. संगप्पाला फोन. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीवर चालते, या मोठीला वेगळी वीज लागते म्हणाला. सोबत आलेली पॉवरची पिन लावली – फिरली! रडूच आलं.

१८ जानेवारी

सकाळी बाबांना ऐकवलं. "मोहोळमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..." खणखणीत! बाबा भिंतीकडे बघत बसले. आणि रेकॉर्डिंगच्या मध्येच स्वयंपाकघरातून आई – "अहो, नळाला पाणी आलं!"

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज कुठेच नव्हता आमच्याकडे. मी तो शोधलासुद्धा नव्हता.

बाबांनी बोटानं खूण केली – पुन्हा. त्यांच्या स्वतःच्या घोषणा ओलांडून पुढे जायला लावलं. दुपारपर्यंत मी आईचंच लावत होते.