चॉकी केंद्रातली दहाची घंटा

२ जुलै, मंगळवार
ही रोजनिशी शीबाच्या सक्तीने लिहीत आहे. फेब्रुवारीत स्कूटरवरून पडले, डोक्याला मार बसला. माझी स्मरणशक्ती गेली, असे बेंगळुरूचे डॉक्टर, ही थेरपिस्ट शीबा आणि माझा मुलगा चेतन यांनी मिळून ठरवले आहे. हेल्मेट नव्हते हा आरोप खोटा. ते हँडलला अडकवलेले होते.
चेतनची अट: जुलैची बॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत मी काढून दाखवायची. नाही जमले तर चॉकी केंद्राच्या चाव्या सोडायच्या. सव्वीस वर्षे मी रेशमाच्या अळ्या लहानपणी सांभाळून शेतकऱ्यांच्या हाती देते. बी.एस्सी., म्हैसूर, प्रथम वर्ग. अट मान्य केली.
शीबाने आठ शब्द सांगितले, वीस मिनिटांनी विचारले. मी तीन सांगितले. बाकीचे पाच तिने मध्येच बदलले असावेत.

५ जुलै, शुक्रवार
शीबाची पद्धत: फोनची घंटा वाजली की वेळापत्रकाची वही उघडायची, लिहिलेले काम करायचे, खूण करायची. विचार करत थांबायचे नाही, विचारात काम निसटते. मला गरज नाही. तरी बॅचच्या सगळ्या दिवसांपुढे ठळक लिहिले: सकाळी दहा, पाला. दुपारी चार, पाला.
चेतन म्हणाला, अळ्या कात टाकतात त्या दिवशीही पाला लिहिलाय. त्याला सांगितले, कात वहीत बघायची नसते, अळीकडे बघून कळते.

९ जुलै, मंगळवार
शीबाने दोघींपुरती कॉफी करायला सांगितली. उत्तम केली. टेबलावर आधीचे दोन भरलेले कप तसेच पडले होते. या लोकांना स्वच्छता नाही.
शीबाच्या खोलीबाहेर नंजेगौडा नावाचा लॉरी ड्रायव्हर बसतो, त्यालाही डोक्याचाच मार. मी नाव सांगितले तर म्हणाला, गेल्या मंगळवारीही सांगितलंत मेडम, पण सांगा, मीही विसरलोय. उगाच सलगी करतो. मी त्याला कधी पाहिलेले नाही.

१० जुलै, बुधवार
अंडी फुटून अळ्या बाहेर आल्या. तीन हजार अंडीपुंज, एकाच सकाळी. अकरा शेतकऱ्यांनी माझ्या तारखेवर विसंबून तुती छाटली आहे. एकोणीसला अळ्या नेतील. चेतनला आता काही बोलायला जागा नाही.

१४ जुलै, रविवार
सकाळी ७. अळ्या पहिल्या कातेवर बसल्या. डोकी वर, अंगाला चकाकी, हालचाल नाही. जुनी कात सुटेपर्यंत तोंडापुढे पाला येता कामा नये. पाला बंद. चुना स्वतःच्या हाताने भुरभुरला. चौडम्मा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे कामाला आहे, तरी तिला बजावले: आज टोपलीला हात लावायचा नाही.

१०.४०. घंटा वाजली. वही उघडली. पाला. सगळ्या ट्रेमध्ये घातला, कुठेही न थांबता. खूण केली. हे शीबाला दाखवणार. चौडम्मा मध्ये मध्ये करत होती, तिला बाहेर काढले. शिस्त उरलेली नाही.

सायंकाळी ५.१५. कातेवर पाला कोणी घातला? कातेतून आधी उठलेल्या अळ्या खात सुटल्या आहेत, बाकीच्या ओल्या पाल्याखाली दबल्या आहेत. चौडम्माला समोर उभे केले.
"तुम्हीच घातलात, मेडम," ती म्हणाली. "मी टोपली धरली तर म्हणालात, तुला कुठल्या कॉलेजानं शिकवलं?"
खोटे. मी असे बोलत नाही. वहीत दहाच्या पुढे खूण आहे, हुबेहूब माझ्यासारखी. वरची १०.४० ची नोंद कोणी लिहिली, तेही शोधून काढणार.

१७ जुलै, बुधवार
अळ्या लहानमोठ्या. रोग दिसला. बॅच जाळावी लागली. चेतनने जाळली, मी मोजत उभी राहिले. आकडा कुठे लिहिला ते सापडत नाही.
पुट्टस्वामी, अकरा शेतकऱ्यांपैकी एक, जाळण्याआधी ट्रे बघून म्हणाला, "अम्मा, तुमच्या अळ्या पूर्वी शाळेच्या पोरांसारख्या एकदम उठायच्या. आता कॉलेजच्या झाल्यात. कोणी उठलंय, कोणी लोळतंय." आम्ही दोघेही हसलो. मग त्याने विचारले, शेतातला तयार तुतीचा पाला गाईला घातला तर चालेल ना. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

१८ जुलै, गुरुवार
शीबाचा फोन. चूक तिचीही आहे म्हणाली, 'आधी बघा, मग पाला' असे लिहून घ्यायला हवे होते. मग रोजनिशीतले चौदा तारखेचे पान मोठ्याने वाचायला लावले. वाचले. कोण्या मूर्ख बाईने लिहिले आहे असे वाटत होते. शीबा म्हणाली, पुन्हा वाचा. तीन वेळा वाचले.
अक्षर माझे आहे.

२० जुलै, शनिवार
चॉकी केंद्र आज चौडम्माकडे सोपवले. यादी:
केंद्राच्या चाव्या, तीन.
तापमान आणि आर्द्रता मोजायचे यंत्र, एक.
पाला कापायचे सुरे, चार. एकाची मूठ सैल.
चुन्याचे पोते, अर्धे.
शेतकऱ्यांच्या तारखांचे रजिस्टर.
तिच्या अंगठ्यासाठी शाईचे पॅड मागवले होते. चौडम्माने पेन मागितले आणि यादीखाली नाव लिहिले, सावकाश, एकही अक्षर न चुकता. सही कुठे शिकलीस, मी विचारले.
"तुमच्याकडेच, मेडम," ती म्हणाली. "तीन पावसाळे लिहायला बसवलंत मला."
मला आठवत नाही.
सर्व वस्तू मोजून दिल्या. पोच मिळाली. वेळ ११.२०.