तिसरा चौकोन

४ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद. हे बोटीवरून बेपत्ता झाल्याला परवा सात वर्षं झाली. कचेरीतून फॉर्म आलाय. पती जिवंत की मृत, एका चौकोनात खूण करायची. सही केली की कायद्याने ते गेले. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना काल दोनदा नंबर चुकला. मालक भले, ओरडले नाहीत.

लहानपणी बरणी फोडून वर पुरावा मागणारा तू आता तर्कशास्त्राचा मास्तर झालास. सांग, कुठे खूण करू? मला काही सुचत नाही रे.
तुझी, ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. बरणी मांजराने फोडली होती, हे पुन्हा एकदा नमूद करतो.

ताई, तर्क एकच नसतो. कचेरीच्या तर्कात माणूस जिवंत, नाहीतर मृत. तिसरं काही नाही. दुसऱ्या एका तर्कात पुरावा हाती नसेल, तर दोन्हींतलं काहीच म्हणता येत नाही. हे दोन ताडून पाहण्यात माझी पंधरा वर्षं गेली. दुसरा कमी बोलतो, पण बोलेल ते दाखवून देतो. भाऊजींचा पुरावा कुठे आहे? तेव्हा घाई नको.
तब्येतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा, पंडित

२ एप्रिल

चि. पंडितास,
आशीर्वाद. तुझं पटलं, म्हणून पट्टी घेऊन फॉर्मवर तिसरा चौकोन आखला, शेजारी 'पुरावा नाही' लिहिलं आणि खूण केली. कारकून आधी हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि असा चौकोन नसतो म्हणत कोरा फॉर्म पुढे केला.

तू दोन्ही तर्क कागदावर ताडलेस. तुझ्या त्या दुसऱ्या तर्कात मी सात वर्षं राहिलेय. तिथे रडायला बसावं तर पुरावा नाही, हसावं तर तोही नाही. जिन्यात पाऊल वाजलं की घास हातातच राहतो. हे तुझ्या पंधरा वर्षांत कुठे मोजलंस का? रागावले नाही, पण थकले.

तिथेच उभ्याने 'मृत'वर खूण केली. घरी येऊन पोटभर रडले, सात वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं, आता सुटले. पण संध्याकाळी जिन्यात कुणीतरी चढलं, आणि मी ताटावरून उठले. आता ते आले तर मी खोटी ठरेन. पंडिता, मला खोटं ठरायचंय रे.

सवडीने ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ताई