अंधाराची रंगीत तालीम

आदरणीय दादा यांस,

सविनय नमस्कार. वाकूनच करणार होतो, पण उजव्या अंगठ्याचं नख गेलंय, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या. आपली तब्येत, वहिनींची कंबर आणि गॅलरीतल्या कबुतरांशी चाललेलं आपलं भांडण, तिन्ही ठीक असावीत. इकडे सगळे धडधाकट आहेत. तोंडं तेवढी फिरली आहेत.

हे पत्र मुलीच्या हाती देतोय. तुमच्या आई आणि तुमची बहीण दुपारीच तुमच्याकडे निघाल्या, मुलगी संध्याकाळी मागून येतेय. तिघींची बाजू तुम्ही चहाबरोबर ऐकालच, म्हणून माझीही वाचून घ्या.

स्वावलंबन मला केवढ्याला पडलं ते प्रथम मांडतो. पैशांचं सोडा, माल आपल्याच दुकानातला होता. अंगठ्याचं नख एक (पाण्याचं पिंप सरकवताना). सोफा एक (पिंपांना जागा हवी म्हणून पुतण्याकडे ठेवला, आता तो म्हणतो, काका, सवय झाली). फ्रिजच्या दाराची मूठ (फ्रिज रिकामा करून, प्लग काढून मागच्या गॅलरीत ढकलताना). आणि तुमच्या बहिणीचं माझ्याशी बोलणं. ही रक्कम सर्वांत मोठी, म्हणून शेवटी लिहिली.

याचं मूळ तुमच्याच घरात आहे, दादा, रागावू नका. गेल्या वर्षी वादळात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, पाणी नव्हतं, तेव्हा आम्ही सगळे तुमच्याकडे राहिलो. तुम्ही आपुलकीनं ठेवून घेतलंत. पण जेवताना वहिनींना म्हणालात, "आपण होतो म्हणून यांचं निभावलं." हळूच म्हणालात. माझे कान तिखट. फुटपाथवर स्टोव्ह दुरुस्त करायला बसलो तेव्हापासून नुसत्या फुसफुशीवरून बिघाड सांगत आलोय. दोन खोल्यांपलीकडचं वाक्य मला काय जड? नंतर तेच वाक्य मी पुतण्याच्या लग्नात ऐकलं, आणि तुमच्या निवृत्तीच्या समारंभात तर माइकवरून ऐकलं. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आठ दिवस जग बंद पडलं तरी माझं घर चाललं पाहिजे.

मग सामान जमवलं. पाण्याची पिंपं, दोन स्टोव्ह, तीन कंदील, उन्हावर चालणारा एक दिवा (हा दिवसभर उन्हात ठेवला की संध्याकाळी स्वतःपुरता उजेड देतो), औषधांची पेटी आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी, संकटात वाजवायला. पण सामान असून भागत नाही, सराव लागतो. म्हणून चार दिवसांची तालीम ठरवली. आदल्या दिवशी घरातल्या यच्चयावत बटणांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे सवयीनं कुणाचा हात जायला नको. सकाळी जिन्याखालच्या पेटीपाशी गेलो आणि आमचा मेनस्विच स्वहस्ते पाडला. पाट्या वाचत बसलो नाही. जन्मभर स्विच विकतोय, हाताला कळतं.

अभिमानानं लिहितो, दादा, त्यानंतर चार दिवस आमच्या घरात विजेचा थेंब नव्हता.

सुरुवात छान झाली. मुलगी दोन तासांत अभ्यासाला म्हणून मैत्रिणीकडे गेली आणि फक्त झोपायला आली (तिची शिट्टी मैत्रिणीच्या कुत्र्याला आवडली, तिथेच राहिली). आईंनी मात्र तालीम मनावर घेतली. त्यांनी चहासाठी शिट्टी वाजवली, चष्म्यासाठी वाजवली, आणि एकदा नुसतीच वाजवली, मी येतो का बघायला. पहिल्या दुपारी म्हणाल्या, "जावईबापू, त्या गिझरच्या बटणाशेजारी लाल ठिपका दिसतोय हो." मी म्हटलं, आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसतात असे ठिपके. त्या म्हणाल्या, "डोळा डावा केलाय, ठिपका दोन्हींनी दिसतो." म्हाताऱ्या माणसाशी किती वाद घालायचा?

आणि योगायोग पाहा. मी स्विच पाडून वर आलो आणि तासाभरात खालच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर दारात. एकटे राहतात बिचारे. म्हणाले, "वीज गेली का हो?" मी म्हटलं, माझी गेलेली नाही, मी घालवलीय. तुमची मात्र गेलेली दिसते. त्यांनी वीज कंपनीला फोन केला. तिथून उत्तर, भागात सगळं सुरळीत आहे, तक्रार नोंदवलीय, माणूस येईल. मी मास्तरांना पायरीवर बसवून शांतपणे समजावलं, की मास्तर, याच दिवसाची मी वर्षभर तयारी करत होतो. एक स्टोव्ह आणि एक कंदील त्यांना दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमची बहीण दोन्ही वेळा त्यांना डबा पोचवत होती. तिला मास्तर म्हणाले, "वहिनी, असा दूरदृष्टीचा नवरा नशिबानं मिळतो." ती रिकामा डबा घेऊन वर आली.

पंखे, टीव्ही, फ्रिज बंद असले की घर किती शांत होतं, याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी मी पिंपांमागे कंदिलाची वात कापत होतो आणि स्वयंपाकघरातलं बोलणं कानाशी बोलल्यासारखं येत होतं. तुमची बहीण आईंना म्हणत होती, "यांनी सगळ्याची सोय केलीय. पाणी आहे, दिवा आहे. उद्या मी नसले तरी यांचं काही अडणार नाही. मग मी तरी इथे कशाला अडून बसू?" आई म्हणाल्या, "शिट्टी वाजवून बघ की." ती हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. सत्तावीस वर्षांत तो आवाज मी मोजून दोन-तीनदा ऐकलाय. उठून आत जायला हवं होतं. मी वात कापत राहिलो. इतकी कापली की शेवटी पेटलीच नाही.

आज सकाळी वायरमन आला, मास्तरांची वीज दोन मिनिटांत आली, आणि दुपारी हिनं बॅग भरली. भांडण नाही, आदळआपट नाही. चिकटपट्टी लावलेल्या बटणांकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमची तालीम होऊ दे नीट." दादा, मी थकलो. ओझी उचलून नव्हे. मोकळं घर उचलायला कठीण जातंय.

आईंना नमस्कार सांगा, शिट्टी त्यांनी बरोबर नेलीय.

आपला (या खेपेपुरता गरीब) मेहुणा

ता. क. आता खरं काम. चार दिवस राहू द्या, मग तिला परत पाठवा. सांगा, तिकडे त्याचं अडलंय. काय अडलं विचारलं तर म्हणा, सगळंच. तुमच्या घरी राहून आमचं निभावलं होतं हे मी आता माइकवरून सांगायला तयार आहे.

ता. क. २. पिंपं उद्या दुकानात परत जातील. सोफ्याचं पुतण्याशी तुम्हीच बोला, तुमचं वजन आहे.

ता. क. ३. हे तिला ती इकडे आल्यावर मीच सांगेन, तोवर पोटात ठेवा. वायरमननं पेटी उघडली, एक पडलेला स्विच वर केला आणि खालून मास्तरांचा रेडिओ सुरू झाला. त्यानं विचारलं, "हा कुणी पाडला?" मी म्हटलं, मुलं असतात. (इमारतीत सर्वांत लहान आमचीच कन्या, वय एकोणीस.) मास्तरांना अजून पत्ता नाही. त्यांनी माझं चित्र काढायला घेतलंय, हातात कंदील दिलाय. त्या दोघी गेल्यावर मी दिवाणखान्यातल्या पंख्याच्या बटणावरची पट्टी सोलली आणि सहज दाबलं. पंखा फिरला. आमच्या स्विचला कुणी हातच लावला नव्हता. आमच्या घरात चारही दिवस वीज होती.