गेट बेचाळीसवरून

दादा,

रागावू नकोस, पण मला हा विमानतळ आवडतो. सात वर्षं मी इथं व्हीलचेअर ढकलतेय. नवीन टर्मिनल एवढं लांबलचक झालंय की धडधाकट माणसंही खुर्ची मागतात. माझं बरं चाललंय.

आपलं घर धावपट्टीखाली गेलं, असं तू सांगत फिरतोस. साफ चूक. जुनी पाण्याची टाकी अजून काचेतून दिसते. तिच्या अंदाजानं मी पावलं मोजली. आपलं स्वयंपाकघर गेट बेचाळीसपाशी येतं. तिथं आता पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. खुर्चीतल्या प्रत्येकाला मी तिथं थांबवून पाणी पाजते. बरोबरच्या मुली हसतात, "पोचल्या मावशी माहेरी!"

एक सांगायचं राहिलंय. घर द्यायला आई तयार नव्हती, मीच तिला गळ घातली. तू बारा वर्षं तिच्याशी अबोला धरलास आणि मी मूग गिळून बसले.

हे पत्र टाकणार नाही. उद्याच्या खुर्च्यांच्या यादीत तुझं नाव दिसलं. गुडघे गेले म्हणे. तुझं विमान गेट नऊला लागेल, पण मी तुला बेचाळीसवरूनच नेणार. आधी पाणी पाजीन, मग सगळं सांगेन. उठून पळता तर येणार नाही तुला.

तुझी भांडखोर
धाकटी