एमसी चेडूची झांज

हे मृत्युपत्र मी दिवाळीत लिहिणार होते. मग तुळशीचे लग्न आले, मग जत्रा सुरू झाल्या, मग फोंडाघाटात कार्यक्रम लागला आणि तिथल्या स्टँडवर भजी बरी मिळाली म्हणून आणखी एक दिवस राहिले. आता उद्या गोव्याला घशाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात गाठ साधी आहे, याने कोणी मरत नाही, पण आवाज पहिल्यासारखा येईलच असे नाही. तोवर बोलायला बंदी. तोंड बंद, म्हणून हात चालू.

तर मी, योगिनी गुणाजी मसुरकर, वय सत्तावीस, धंदा माईकवर तालात बोलणे, लोकांत नाव एमसी चेडू (चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी), मुक्काम सध्या सुशीलाकाकीची पडवी, शिरोडा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे (काकीचे मत वेगळे आहे) आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. ओरोसच्या वकीलबाई म्हणाल्या, साधा कागद चालतो, फक्त दोन साक्षीदार असे घे ज्यांना यातून काही मिळणार नाही. काकी लगेच तयार झाली. तिला माझे काही नकोच आहे, उलट माझे स्पीकरचे बॉक्स पडवीतून गेले तर हवेच आहे.

कलम १. घर. नाही.

कलम २. माईक, अँप्लिफायर आणि सदर दोन बॉक्स वेंगुर्ल्याच्या दिव्याला. ही मुलगी तीन वर्षांपूर्वी कार्यक्रमानंतर मागे येऊन म्हणाली, तुम्ही श्वास चुकीच्या जागी घेता. बरोबर होते. डावा बॉक्स बंद पडला तर पाठीत थाप मारावी. पतपेढीत जे असेल तेही तिलाच, एसटीच्या तिकिटांसाठी. अट एवढीच की तिने माझी गाणी म्हणत फिरू नये, स्वतःची करावीत.

कलम ३. ज्या कमिटीने पोस्टरवर माझ्या नावापुढे ‘लावणी’ छापले, त्यांना काही नाही. माफीही नाही.

कलम ४. कॅसेट. १९९८ साली माझा मावसभाऊ प्रितेश बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा त्याने आणली. त्यात कोणी परदेशी बाई ढोलाच्या ठेक्यावर नुसती बोलते. शब्द एक कळला नाही, पण ती भांडते आहे हे बरोबर कळले. आणि असे बोलणारा माणूस आमच्या घरातच होता. माझे बाबा गुणाजी, दशावतारात स्त्रीपार्ट करतात. दशावताराला लिहिलेले नाटक नसते, गोष्ट ठरलेली, बोलणे जागच्या जागी सुचेल ते. बाबा रात्रभर राणी होऊन बोलतात आणि एकदा अडत नाहीत. मी पडद्यामागे बसून ते ऐकत मोठी झाले. कॅसेट आता वाजत नाही. जिथे मला पुराल-जाळाल तिथे ठेवा. (इथे उठावे लागले. कावळ्याने काकीची वाळत घातलेली सुंगटे, म्हणजे कोळंबी, उचलली.)

कलम ५. झांज. ही मुख्य गोष्ट आहे. आमच्या जत्रेत, साल २०००, नाटक संपल्यावर बाबांच्या कंपनीचे झांजवाले लवूकाका अजून बसलेले होते. मी पुढे झाले आणि त्यांच्या झांजेवर बोलायला लागले. अर्धा गाव हसला, अर्ध्याने शिव्या घातल्या. बाबा आले आणि म्हणाले, ‘बायलमाणसान रंगार उभा रवाचा नाय.’ बाईने रंगमंचावर उभे राहायचे नाही, असे म्हणाले तेव्हा त्यांच्या अंगावर नऊवारी होती, नाकात नथ. मी हसले, तेच चुकले म्हणतात लोक. पहाटेच्या एसटीने निघाले ती निघालेच. स्टँडवर लवूकाकांनी ही झांज माझ्या पिशवीत टाकली. तिच्यावर मी पहिले गाणे केले, ते आता पोरांच्या मोबाईलवर वाजते:

बापूस माझो बायल झालो, गावान दिल्यान टाळी,
चेडू त्याचा उभा रवला, गावान दिल्यान गाळी.

लवूकाका सांगतात, हे कुठे वाजले की बाबा उठून चहाच्या टपरीवर जातात. दहा वर्षांत माझे एक गाणे त्यांनी ऐकलेले नाही. ऐकले असते तर कळले असते की पुढच्या बारा ओळी त्यांच्या कौतुकाच्या आहेत.

तरी झांज बाबांना. पण त्यांनी ती स्वतः येऊन न्यावी आणि त्याआधी माझे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे. मी नसले किंवा आवाज नसला, तर दिव्या म्हणेल.

कलम ६. बाकी कपडेलत्ते ज्याला होतील त्याला.

काकीने सही केली आहे. दुसरा साक्षीदार महादू रिक्षावाला, त्याला सकाळी आठला बोलावले होते. रिक्षा वाजली.

रिक्षातून महादूच्या मागोमाग हिरव्या नऊवारीतली एक बाई उतरली. काकी म्हणाली, ‘गो, ही खंयची बायल?’ बायल नव्हे. रात्री रेडीला नाटक होते, महादू बघायला गेला होता आणि ऑपरेशनचे तिथे बोलून आला. बाबा तोंडावरचा रंगसुद्धा न उतरवता आले आहेत.

मी घशाकडे बोट केले.

‘म्हायत आसा. बोला नको,’ बाबा म्हणाले. ‘तू झांज वाजय. बोलतंय मी.’

आणि अंगणात उभे राहून माझे गाणे पहिल्यापासून म्हणाले, बाराच्या बारा ओळींसकट, राणीच्या आवाजात. टपरीवरही तेच गाणे वाजत असते, हे लवूकाका सांगायला विसरले होते. शेवटी स्वतःची एक जोडली:

टाळयेत तुझो वाटो होतो, आता गाळी खावची माझी पाळी.

साक्षीदार: सुशीला गणपत आरावकर, महादू रेडकर
ठिकाण: शिरोडा
तारीख: १७ जानेवारी २०१०

सही: योगिनी गुणाजी मसुरकर

कलम ५ खोडले आहे. झांज मला लागते आहे. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून धरले, म्हणून सही वाकडी आली.